पऱ्यांचा पेला

लग्नात आलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यावर नाव आणि साल घालण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे पन्नास वर्षांनीसुद्धा घागर कुणाच्या लग्नातली, हे विचारावे लागत नाही. काचेचे तसे नाही. घरात जुना काचेचा जिन्नस असला, की नाव नसते आणि गोष्टी मात्र जमतात. अशाच एका पेल्याची हकीकत आज सांगायची आहे.

इंग्लंडच्या उत्तरेस ईडनहॉल नावाचे गाव आहे. तेथील मसग्रेव्ह घराण्याच्या वाड्यात हा पेला पिढ्यान्पिढ्या जपलेला होता. उंची सुमारे १६ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. तोंडाशी फाकलेला, अंगावर निळ्या, हिरव्या, तांबड्या, पांढऱ्या रंगांची नक्षी आणि सोन्याचे काम. विहिरीपाशी जमलेल्या पऱ्या माणसाची चाहूल लागताच तो टाकून पळाल्या, आणि 'हा फुटला तर घराचे भाग्य गेले' असे बजावून गेल्या, अशी कथा. पेल्याचे नावच पडले 'ईडनहॉलचे भाग्य'.

आता पऱ्यांना बाजूला ठेवू आणि पेल्यालाच विचारू. तो फुंकून केलेला आहे. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन कारागीर फुंकर घालतो. मग बूड दुसऱ्या सळईला चिकटवून तोंडाला आकार देतो. सळई तोडली, की बुडाला खरखरीत वण राहतो. साच्यात दाबलेल्या काचेला बहुधा वण नसतो, सांध्याची रेघ असते. पण शिक्षकबंधूंनी मुलांना एवढे जरूर सांगावे, की वण दिसला म्हणजे वस्तू जुनी, असे नाही. ही कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूस निघाली आणि आजही चालू आहे. काल केलेल्या भांड्यालाही तो वण असेल. काचेतल्या बुडबुड्यांचेही तेच.

मग वय काढायचे कसे? लाकडाचे, कातड्याचे वय त्यातल्या कार्बनवरून काढता येते. वाळू, चुना आणि खार यांच्या काचेला ती सोय नाही. तेव्हा नाव घातलेले भांडे शोधायचे! कैरोत सुलतान हसनची मशीद १३५६ ते १३६३ या काळात उभी राहिली. तिच्यासाठी केलेल्या काचेच्या दिव्यांवर त्या सुलतानाचे नाव आहे. रंगीत काचेची पूड कालवून नक्षी काढायची आणि भांडे पुन्हा तापवायचे. आच कमी पडली तर रंग धरत नाही, जास्त झाली तर भांडेच बसते. मोठे जिकिरीचे काम. त्याच जातीचे काम ईडनहॉलच्या पेल्यावर आहे. म्हणून जाणकार तो सीरिया किंवा इजिप्तचा, १३५०च्या सुमाराचा मानतात. त्या काळी इंग्लंडातल्या भट्ट्यांत लाकडाच्या राखेची हिरवट काच निघे. हे काम तिथले नव्हे.

धर्मयुद्धावर गेलेल्या कुणा पूर्वजाने तो आणला, असेही सांगत. सांगायला सोपे, पण हिशेब जमत नाही. धर्मयोद्ध्यांचे आक्रे हे ठाणे १२९१ मध्येच पडले होते. पेला त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी झालेला. व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला असेल, यात्रेकरूच्या झोळीतून आला असेल.

मला विचाराल तर पेल्यापेक्षा त्याचे कातडी घर अधिक बोलके आहे. ते पंधराव्या शतकातले, युरोपात घडवलेले, आणि त्यावर येशूच्या नावाची अक्षरे आहेत. म्हणजे पेला तोवर ख्रिस्ती हातांत आला होता आणि जपण्याजोगा ठरला होता. आपल्याकडे जुनी हंडी विकताना तिची पेटी आणि आतली चिठ्ठी आधी चुलीत जाते! कागदोपत्री या पेल्याचा पहिला उल्लेख १६७७ च्या मृत्युपत्रातला. पऱ्यांची गोष्ट छापली गेली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

१९२६ मध्ये घराण्याने पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवायला दिला. १९३४ मध्ये ईडनहॉलचा वाडा पाडण्यात आला. १९५८ मध्ये संग्रहालयाने पेला विकत घेतला. तो अजून अखंड आहे.