चावी कोणाच्या हातात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका वकील सभासदाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





गाणी झाली, नकला झाल्या, जेवणाला अजून वेळ आहे, आणि मध्येच हा वकील दारू पिऊन गाडी चालवण्याच्या शिक्षा सांगायला उभा राहिला. तुम्ही मनात म्हणत असाल, काहून बाप्पा, आजच्या दिवशी हा विषय? कारण साधं आहे. २५ वर्षांपूर्वी आपल्या पार्किंगमध्ये स्कूटर आणि लेकरांच्या सायकली असायच्या. आज तिथे गाडी लावायला जागा नाही. त्या सायकलवाल्या पोरांच्या हातात आता स्टिअरिंग आहे. आणि हळद असो, होळी असो की थर्टी फर्स्ट, रात्री उशिरा परत येणारी गाडी आपल्यापैकीच कोणाची तरी असते.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड २,००० आणि ३,००० होता. कलमात आणखी एक शब्द आहे, तो लोक वाचत नाहीत: गाडी चालवणारा ‘किंवा चालवण्याचा प्रयत्न करणारा’.

आता तुम्ही म्हणाल, १०,००० ना, भरून टाकू. इथेच फसगत होते. सिग्नल तोडल्याचं चलान मोबाईलवरून भरता येतं. या गुन्ह्यात तशी तडजोड नाही. प्रकरण कोर्टात जातं, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहावं लागतं. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात आणि ते निलंबित होतं. शिक्षा झाली तर ती फौजदारी गुन्ह्याची शिक्षा. उद्या पोराला अमेरिकेचा व्हिसा हवा असेल तर फॉर्ममध्ये त्याबद्दल प्रश्न असतो, आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळाच घोटाळा.

तपासणीबद्दलही सांगतो. गणवेशातला पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो. पण अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं. हा तुमचा हक्क आहे. मात्र ‘मी फुंकणारच नाही’ असं म्हणून सुटका होत नाही. योग्य कारणाशिवाय नकार दिला तर तो नकारच तुमच्याविरुद्ध वापरता येतो.

‘दोन पेग चालतात’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कायद्यात पेगाचा हिशोब नाही, रक्तातल्या अल्कोहोलचा आहे. शरीर साधारण तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल कमी करतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. रात्री १२ वाजता रक्तात १२० असेल तर ३० वर यायला सकाळचे सहा वाजतील. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यांनी झोप उडते, दारू उतरत नाही. म्हणून पहाटे चारला ‘आता बरं वाटतंय’ म्हणून निघालेला माणूसही गुन्हेगार ठरू शकतो.

आणि हे फक्त दारूचं नाही. गांजा, गोळ्या, होळीची भांग, सगळी नशा त्याच कलमात येते. तिथे मिलिग्रॅमची मर्यादा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येत नव्हता, एवढं पुरेसं. गांजा ओढल्याचा गुन्हा अंमली पदार्थांच्या कायद्याखाली पुन्हा वेगळा. खोकल्याचं किंवा झोपेचं औषध घेतलं असेल तरी डॉक्टरांना विचारा, ‘गाडी चालवू का?’

हे सगळं कोणालाही इजा झाली नाही तरचं. माणूस मेला तर चित्र बदलतं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत, वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चौपट. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा मानून सहा महिने शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. यातला मुद्दा असा की, दारू पिऊन भरधाव गाडी चालवली तर कोणाचा जीव जाऊ शकतो हे त्या माणसाला माहीत असतं, असं कोर्ट धरू शकतं. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सदोष मनुष्यवध ठरला तर, मृत्यू होऊ शकतो एवढी जाणीव असली तरी, दहा वर्षांपर्यंत.

मुंबई लांब आहे म्हणाल तर आपला रामझुला बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्यरात्री मर्सिडीजच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण गेले. चालकाने मद्यप्राशन केल्याचा आरोप आहे. आधी जामीनपात्र कलम लागलं, पुढे सदोष मनुष्यवधाचं लागलं, तपास सीआयडीकडे गेला. दोष कोणाचा हे कोर्ट ठरवेल, आपण नाही. पण त्या पुलावरून आपण सगळेच रेल्वे स्टेशनला जातो. दुचाकीवर आपलंही पोरगं असू शकलं असतं.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम वेळ मागून घेतला, ते सांगतो. शिक्षा फक्त स्टिअरिंगवरच्या माणसाला होते असं समजू नका.

एक, मित्र. कलम १८८ सांगतं की या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा. ‘अरे चल भाऊ, काही होत नाही, तूच चालव’ म्हणत झिंगलेल्या मित्राच्या हातात चावी देणारा यात अडकू शकतो.

दोन, आईबाप. पोरगं १८ च्या आतलं असेल आणि त्याने गाडीने गुन्हा केला, तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. आपली सोसायटी जेवढ्या वर्षांची झाली, तेवढं वय! ‘मला माहीतच नव्हतं’ हे पालकाने सिद्ध करायचं असतं. कोर्ट आधी संमती होती असंच धरून चालतं. मे २०२४ मध्ये पुण्याला कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. त्या प्रकरणात मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टरही सापडले.

तीन, घरची पुंजी. नशेत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनी नाकारू शकते. ‘ब्रेथ टेस्ट झालीच नव्हती’ ही सबब पुरत नाही. इतर पुराव्यांवरूनही नशा सिद्ध करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. ज्याला धडक बसली त्याची भरपाई कोर्ट विमा कंपनीला द्यायला लावू शकतं, पण नंतर कंपनी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत असते. ज्या फ्लॅटचे हप्ते आपण १५-२० वर्षे फेडले, तोच विकायची पाळी येऊ शकते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: निर्णय पहिल्या ग्लासाआधी व्हावा. नशेत असलेला माणूस ‘मी ठीक आहे’ असंच म्हणणार. त्याला तेव्हा विचारण्यात अर्थ नाही.

कार्यकारिणीला तीन सूचना करतो. सभागृहात कार्यक्रम असेल तेव्हा बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या गाडीच्या चाव्या यजमानाने आत शिरतानाच जमा करून घ्याव्यात. ऑटो, टॅक्सी आणि रात्रीचे ड्रायव्हर यांचे नंबर नोटीस बोर्डावर लावावेत. आणि गेटवर आपल्या चौकीदार भाऊंनी ‘साहेब, आज गाडी राहू द्या’ म्हटलं, तर त्यांच्यावर आवाज चढवायचा नाही. सोसायटी त्यांच्या पाठीशी आहे हे त्यांना आजच कळू द्या.

घराघरात सुद्धा एक करा. पोरांना सांगा, रात्री कितीही वाजता फोन कर, आम्ही घ्यायला येऊ, त्या रात्री एक शब्दही बोलणार नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी चहा पिताना बोला. रागावण्याच्या भीतीने फोन न करणारं पोरगं फार महागात पडतं.

आणि रस्त्यावर कोणी जखमी दिसला तर थांबा, ११२ किंवा १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही.

२५ वर्षांत या सोसायटीत आपण एकमेकांच्या घरच्या चाव्या शेजाऱ्यांकडे बिनधास्त ठेवल्या. गाडीच्या चावीबद्दलही तेवढाच विश्वास आणि थोडा हक्क दाखवू या. शेजाऱ्याने चावी मागितली तर राग मानू नका, देऊन टाका.

 रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!

जय हिंद, जय महाराष्ट्र.