हमी उत्पन्न : रॉबर्ट थिओबाल्ड यांचा विचार आणि कामगारवर्ग
(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

भाषांतर करताना एखादा शब्द अडून बसतो आणि त्याचा शोध घेता घेता एक अख्खा वाद समोर उभा राहतो. 'हमी उत्पन्न' हा माझ्यापुरता तसा शब्द ठरला. 'हमी मजुरी' असे लिहून मोकळे होण्याचा मोह मला झाला होता. परंतु मजुरी ही श्रमशक्तीची किंमत. येथे तर श्रमशक्तीला गिऱ्हाईक मिळाले नाही तरी माणसाला मिळावयाच्या पैशाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्यात हमी होती ती कामाची. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट थिओबाल्ड मागत होते ती हमी काम नसतानाची.

थिओबाल्ड यांचा जन्म १९२९ साली मद्रासमध्ये एका ब्रिटिश कुटुंबात झाला. केंब्रिजला अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन, काही वर्षे पॅरिसमध्ये काढून ते अमेरिकेत गेले व तेथेच स्थायिक झाले. त्यांचे 'फ्री मेन अँड फ्री मार्केट्स' हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. यंत्रे आणि संगणक एकत्र आले की उत्पादन वाढत जाईल आणि त्यासाठी लागणारी माणसे कमी होत जातील. मग नोकरी हाच उत्पन्नाचा एकमेव मार्ग राहिला तर माल पडून राहील आणि माणसे उपाशी राहतील, हा त्यांचा मुख्य मुद्दा. म्हणून प्रत्येक प्रौढास वर्षाला १,००० डॉलर व प्रत्येक मुलास ६०० डॉलर, म्हणजे दोन मुलांच्या कुटुंबास ३,२०० डॉलर, नागरिकाचा हक्क म्हणून द्यावेत, अशी त्यांची योजना होती. ही भीक नव्हे, हक्क आहे, यावर त्यांचा भर होता.

मार्च १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांना 'तिहेरी क्रांती' या नावाचे एक निवेदन धाडण्यात आले. स्वयंचलित उत्पादन, अण्वस्त्रे आणि मानवी हक्कांचा लढा या त्या तीन क्रांत्या. निवेदनावर थिओबाल्ड यांच्यासमवेत शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांची सही होती. तशीच डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात राबणारे कृष्णवर्णीय मार्क्सवादी कामगार जेम्स बॉग्ज यांचीही होती. यंत्र आले की प्रथम कोणाला घरी बसावे लागते, हे बॉग्ज यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

परंतु, कॉम्रेड्स, याच सुमारास हीच मागणी अगदी विरुद्ध दिशेनेही येत होती. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली उलटा प्राप्तिकर सुचविला : ठराविक पातळीखालच्या माणसाकडून कर न घेता सरकारनेच त्याला रक्कम द्यावी. तिच्या बदल्यात कल्याणकारी योजनांचा पसारा आवरता घ्यावा, हा त्यामागचा हेतू. उलट मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ साली हमी उत्पन्न मागितले ते दारिद्र्य समूळ नाहीसे करण्यासाठी. पुढल्याच वर्षी मेम्फिसमधील सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यास गेले असता त्यांचा खून झाला.

शब्द एक, हेतू दोन. सत्तेने कोणता उचलला? १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी चार माणसांच्या कुटुंबास १,६०० डॉलर देण्याची योजना मांडली. रक्कम थिओबाल्ड यांच्या आकड्याच्या बरोबर निम्मी आणि वर काम पत्करण्याची अट! सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरीब मातांच्या संघटनेने ५,५०० डॉलरची मागणी करून तिला कडवा विरोध केला. ही योजना प्रतिनिधिगृहात संमत झाली, पण सिनेटमध्ये अडकून अखेर बारगळली.

थिओबाल्ड यांचे भाकीतही सरळ खरे ठरले नाही. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अमेरिकेतील बेकारी चार टक्क्यांखाली गेली होती. पण त्यांची खरी उणीव अंदाजात नव्हती. यंत्राच्या फळाची वाटणी कशी व्हावी हे त्यांनी सांगितले. यंत्र कोणाच्या मालकीचे असावे, हा प्रश्न मात्र बाजूस ठेवला. उपभोग्य वस्तूंची वाटणी ही उत्पादनसाधनांच्या वाटणीतूनच ठरते, हे मार्क्सने १८७५ साली गोथा कार्यक्रमावरील टीकेत दाखवून दिले होते. मालकी मालकाकडेच राहिली तर दिलेली हमी तो भाडेवाढीने, भाववाढीने वा पुढच्या अंदाजपत्रकात परत घेऊ शकतो.

म्हणून त्यांना निकालात काढावे काय? मुळीच नाही. ज्याच्या हातांना बाजारात मागणी नाही त्यालाही जगण्याचा हक्क आहे, हे त्यांनी भर बाजारपेठेत उभे राहून सांगितले. १९९९ साली निधन होईपर्यंत, यश म्हणजे केवळ वाढते उत्पादन नव्हे, हे ते सांगत राहिले.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. भारत सरकारच्या २०१६-१७च्या आर्थिक पाहणीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर स्वतंत्र प्रकरण होते आणि चालू दारिद्र्यनिर्मूलन योजनांना पर्याय म्हणून त्याची चर्चा होती. तेव्हा अशी योजना समोर येईल त्या वेळी कामगारवस्तीत आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. रक्कम जगण्यास पुरेशी आहे काय? तिला कोणती अट जोडली आहे? आणि तिच्या बदल्यात रेशन, दवाखाना, शाळा यांपैकी काय काढून घेतले जाणार आहे? त्यानंतर चौथा प्रश्न, जो थिओबाल्ड यांनी विचारला नाही : यंत्र कोणाचे? तो विचारण्याचे काम आपले आहे.