अमिरातीतल्या धुक्याचा अस्पष्ट इतिहास
(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेलं भाषण)



समितीनं मला 'कुठल्याही विषयावर दहा मिनिटं' बोलायला सांगितलंय. आयटीवाल्याला विषय असा मोकळा सोडला की तो क्लाऊडवर बोलतो. मीही ढगावरच बोलणार आहे, फक्त जमिनीवर उतरलेल्या.

आपल्याकडे धुकं बघायला लोक पैसे खर्चून महाबळेश्वरला, आंबोलीला जातात. इथे ते फुकट आणि घरपोच मिळतं. फक्त सोबत गरम कणीस नसतं, आणि वार बहुधा सोमवार असतो.

या इतिहासाची सुरुवात होते १७६१ साली. टवकारले ना कान? तिकडे पानिपत झालं त्याच साली इकडे बनी यास टोळीचे शिकारी एका हरणाचा माग काढत एका बेटावर पोचले, अशी आख्यायिका आहे. समुद्रावर धुकं पसरलेलं, हरीण दिसेना. धुकं विरलं तेव्हा स्वारी गोड्या पाण्याच्या झऱ्यावर पाणी पीत उभी! तिथे वस्ती झाली आणि गावाला नाव पडलं अबू धाबी, म्हणजे हरणाचा बाप. आता बघा, एवढं नाट्य घडवलं धुक्यानं आणि नाव झालं हरणाचं. काम एकाचं आणि क्रेडिट दुसऱ्याला, ही परंपरा सॉफ्टवेअरच्या आधीपासून आहे.

१९३२ मध्ये शारजाला विमानं उतरू लागली. तेव्हा वैमानिकाचे डोळे हेच रडार. त्यामुळे धुकं हाच इथला पहिला इमिग्रेशन अधिकारी, असं मी मानतो.

अरबीत धुक्याला 'दबाब' म्हणतात. हे ऐकून आमच्या ऑफिसातला एक कोल्हापूरकर म्हणाला, "म्हंजे मॅनेजर टाकतोय त्योच की!" चेष्टा सोडा, पण दाबाचा संबंध खरंच आहे. हिवाळ्यात इथे हवेचा दाब जास्त, वारा मंद आणि आकाश निरभ्र असतं. दिवसा आखातावरून दमट हवा आत येते. रात्री वाळू झपाट्यानं गार पडते, तिच्यालगतची हवा गारठते आणि बाष्पाचे थेंब होतात. म्हणून धुकं पहाटे सगळ्यात दाट असतं आणि नऊ-दहाच्या उन्हात विरतं. आपली हजेरी मात्र आठची!

२०१० मध्ये बुर्ज खलिफा उघडला, ८२८ मीटर उंच. तेव्हापासून धुक्यातही वर्गभेद आला. वरच्या मजल्यांवर लख्ख ऊन आणि खाली ढगांचा गालिचा. हे फोटो तुम्ही सगळ्यांनी गावाकडे फॉरवर्ड केलेत. त्या गालिच्याखाली आपण असतो, हे कुणी कळवलं नसेल.

आता जरा गंभीर पान. ११ मार्च २००८. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या सकाळी दुबई-अबू धाबी रस्त्यावर, घंटूतजवळ, धुक्यात सुमारे दोनशे गाड्या एकमेकींवर आदळल्या. काही पेटल्या. माणसं गेली, अडीचशेहून जास्त जखमी झाली. एप्रिल २०११ मध्ये अबू धाबीजवळ पुन्हा तेच, शंभरावर गाड्या. दोन्ही वेळा धुक्याला दोष देऊन मोकळं होता येईल, पण धुकं जागचं हललं नव्हतं. वेगात होतो आपण, पुढच्या गाडीला चिकटून.

आता अबू धाबीत धुकं पडलं की रस्त्यावरच्या पाट्यांवर ८० चा आकडा उमटतो. तरी मागून एखादा दिव्यांची उघडझाप करतोच. आपल्यातले काही चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावतात. त्यानं मागच्याला कळत नाही की तुम्ही थांबलाय, चाललाय की वळताय. फॉग लाइट लावा, अंतर ठेवा. आणि फारच दाट झालं तर रस्ता सोडून पुढच्या पेट्रोल पंपावर शिरा. तिथे करक चहा मिळतो आणि साहेबांना पाठवायला फोटोही.

जाता जाता एक. जानेवारीतल्या लिवाच्या सहलीची बस पहाटे पाचला सुटणार, असं आत्ताच जाहीर झालं. अध्यक्षमहाराज, ती नऊला सोडा. पोहे मी आणतो.