खोलीतला धूर आणि आपण

(वर्षावासानिमित्त विहारात केलेले भाषण)



१९६८ साली बिब लाताने व जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांना खोलीत फॉर्म भरायला बसवून भिंतीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी शेकडा ७५ जणांनी बाहेर येऊन कळवले. परंतु सोबतचे दोघे स्वस्थ बसून राहिले, तेव्हा शेकडा १० जणांनीच कळवले. बाकीचे डोळे चोळत लिहीत राहिले!

पृथ्वीच्या तापमानवाढीबाबत आपले असेच झाले आहे. २०२४ हे वर्ष तोपर्यंतच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरले. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना हे वर्तमानपत्रातून कळावे लागत नाही. तरी आपण शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. तो शांत, म्हणून आपणही शांत. शिवाय मन समजूत घालते, ‘माझ्या एकट्याने काय होणार? दोष श्रीमंत देशांचा, कारखानदारांचा.’ त्यांचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण त्यांना जाब विचारायलाही कोणीतरी आधी उठले पाहिजे.

पहिले पाऊल म्हणजे काय, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे. रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. सवर्णांच्या विरोधामुळे सारे कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग हजारोंनी घेतले. त्यापायी लोकांनी मार खाल्ला. आपल्याला कोणी मारणार नाही.

आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खुर्च्यांवर पंखे फिरत. वर्षानुवर्षे सर्वांना दिसे, मलाही. लोक हसतील म्हणून मी उठत नव्हतो. एके दिवशी उठलो. कोणी हसले नाही. पुढे इतरही बटण बंद करू लागले. एवढ्याने पृथ्वी थंड होणार नाही, हे मी जाणतो. परंतु चंद्रपूर, कोराडीला कोळसा जळतो तो आपल्याच विजेसाठी. कारणे दूर केल्याशिवाय दुःख दूर होत नाही, हीच तथागतांची शिकवण आहे.

विहाराच्या छतावर सौर पॅनेल बसवावेत, असा ठराव मी पुढील सभेत मांडणार आहे. अनुमोदनासाठी एक हात वर यावा, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!