एका छपराखाली दोन श्रद्धा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ख्रिस्ती कुटुंबावर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे आदर्श घराचं वर्णन करण्याची रीत आहे. सकाळी सगळे मिळून शास्त्र वाचतात, मुलं वळणाची, नवराबायकोत कधी शब्दाला शब्द लागत नाही. मी आज ज्या घराविषयी बोलणार आहे तिथे भांडणं होती, ताटातूट होती, पैशाची ओढाताण तर कायमचीच. तरीही मराठी ख्रिस्ती समाजाला शिकवू शकेल असं याहून मोठं घर मला माहीत नाही. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं.

१८९३ मध्ये टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलं. कुंकवाचा धनी जिवंत, पण जगाच्या दृष्टीने गेल्यासारखा, आणि पदरी लहानगा मुलगा दत्तू. नातलगांच्या आश्रयाने त्या पंढरपूरला राहिल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाला वाट मोकळी करून दिली होती. धर्म बदलल्यामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर विवाह मोडून मागता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते शीघ्रकोपी होते, मनात येईल ते तत्काळ करणारे होते. लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवलं आहे, काही न लपवता. असा उतावळा माणूस या एका बाबतीत वर्षानुवर्षं थांबला. पुढे लक्ष्मीबाई नगर भागात त्यांच्याजवळ आल्या, त्या सोवळंओवळं सोबत घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ख्रिस्ती उपदेशकाच्या बायकोने नवऱ्याच्या हातचं पाणी पिऊ नये, याची मंडळीत चर्चा झाली नसेल का? पण टिळकांनी ती चूल मोडली नाही.

जातिभेद लक्ष्मीबाईंच्या मनातून गळून पडला तो बाप्तिस्म्याच्या आधी, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. माणसाने केलेला भेद देवाच्या माथी कसा मारायचा, हे त्यांचं त्यांना उमगलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला या क्रमाचं फार मोल वाटतं. नवऱ्यामागे फरफटत आलेली श्रद्धा असती, तर १९१९ मध्ये टिळक गेल्यावर ती कदाचित विझली असती. लक्ष्मीबाईंनी उलट टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य हाती घेतलं. टिळकांनी त्याचे थोडेच अध्याय लिहिले होते, बाकीचा सारा भार या बाईंनी उचलला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईंनी!

आणि हे घर चार भिंतींत मावणारं नव्हतं. अनाथ मुलं तिथे वाढली. टिळक हाती येईल ते देऊन टाकत आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाई करत. या औदार्याचं आपण फार कौतुक करतो, पण दानाचा अर्धा भार स्वयंपाकघरात वाहिला जात होता, हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

आता आपल्या घरांकडे येऊ. मुलगा रविवारी उपासनेला येईनासा होतो, सून दुसऱ्या धर्मातली येते, आणि घरात कुजबूज सुरू होते. प्रार्थनेत तिचं नाव घेऊन तिच्या ‘बदलासाठी’ मागणी होते, तीही तिच्यासमोर. बंधूंनो, ही प्रार्थना नव्हे, हे टोचणं आहे. बापांनी मुलांना चिडीस आणू नये असं पौलाने इफिसकरांना लिहिलं, त्याच पत्रात सूर्य मावळेपर्यंत राग धरू नका असंही लिहिलं. कौटुंबिक प्रार्थनेला लांबलचक बोलणं लागत नाही. एक अध्याय, एक गीत, दहा मिनिटं पुरतात. मात्र त्या दहा मिनिटांत दिवसभर ज्याच्यावर ओरडलो त्याची क्षमा बापाने मुलांदेखत मागावी. हे फार अवघड आहे. लेकरांना मात्र क्षमेचा अर्थ त्यातूनच कळतो, रविवारच्या शाळेत पाठ केलेल्या वचनांतून तितका कळत नाही.

पाळकसाहेबांना माझी एक विनंती आहे. लग्नाआधी जोडप्यांना आपण विधी समजावून सांगता, वचनं पाठ करून घेता. त्यासोबत त्यांच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ द्या आणि वाचून झालं का हे विचारा. मुलगी वेगळ्या धर्मातली असेल तर मुलाला आधी वाचू द्या, आणि मुलाच्या आईलाही.