दाहाची खूण

ज्या गांवानें गाईंच्या एका नामांकित जातीला आपलें नांव दिलें, त्या देवणींत कांस सुजून लाल झाली कीं शेतकरी दगडी ओळखतो. लाली, सूज, उष्णता व वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें रोमन ग्रंथकार सेल्सस यानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं नोंदविलीं. परंतु तीं डोळ्यांस दिसण्यापूर्वींच पेशींत फरक पडलेला असतो. तो कसा ओळखावा?

दाहाचा निरोप पोंचल्यावर रक्तवाहिनीच्या अस्तरांतील पेशी कांहीं तासांतच आपल्या पृष्ठभागावर ई-सिलेक्टिन नांवाचें प्रथिन आणतात. रक्तांतील पांढऱ्या पेशी त्याला अडखळून तेथें थबकतात. नेमकें त्यालाच चिकटणारें प्रतिपिंड घ्यावें आणि निळा प्रकाश पडतांच हिरवा चमकणारा रंग त्यास जोडावा. मग सूक्ष्मदर्शकाखालीं दाह पावलेली पेशी उजळते; निरोगी पेशी काळोखांत राहते. प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडण्याची ही युक्ति अमेरिकेंत आल्बर्ट कून्स व त्यांचे सहकारी यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केली.

जिवंत पेशी प्रतिपिंडाला सहसा थेट आंत शिरूं देत नाहीं. म्हणून तिच्या दारावरचीच पाटी वाचावी लागते. शिवाय रंग भलतीकडेही चिकटतो. यास्तव कांहीं पेशींना असंबद्ध प्रतिपिंड लावून दोहोंची तुलना केल्यावांचून निर्णय देऊं नये.

हा दिवा प्रयोगशाळेंतला. गोठ्यांतील छुपी दगडी दूध तपासूनच उमगते. म्हणून कांस निरोगी दिसली तरी दूध वेळोवेळीं तपासून घ्यावें.