पडद्यावरचा लेसर
मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक, सहज फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या की डॉक्टर लेसर सुचवतात. ‘लेसर केलं आणि उलट कमीच दिसायला लागलं’ ही तक्रार मग हमखास ऐकू येते. ती निराधार नाही. कडेच्या पडद्यावर साधारण १२०० ते १६०० सूक्ष्म डाग देऊन त्याची प्राणवायूची भूक कमी केली जाते. त्या बदल्यात अंधारातली आणि कडेची नजर थोडी घटू शकते, मध्यभागी सूज येऊन वाचताना धूसर दिसू शकतं. तरीही हा सौदा फायद्याचाच. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ साली दाखवून दिलं, की लेसरमुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. लेसर नजर वाढवायला नसतोच, आहे ती राखायला असतो. हे आधीच सांगितलं तर निम्मी नाराजी टळेल!

आता डोळ्यात इंजेक्शनं आहेत, मग लेसर कशाला? इंजेक्शनं उत्तम, पण ती वारंवार घ्यावी लागतात. खंड पडला तर आजार उसळतो. लेसरचा परिणाम टिकतो. मात्र लेसरच्या दिवशी बाहुली मोठी केलेली असते, म्हणून गाडी चालवू नका, काळा चष्मा लावा. सौम्य ठणका चालेल. तीव्र वेदना, एकाएकी काळे ठिपके, प्रकाशाचे लखलखाट किंवा नजरेसमोर पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. साखर आणि रक्तदाब मोकाट असतील, तर लेसर एकटा पुरा पडत नाही.